खळ घातलेला वारा

दसऱ्याच्या दुपारी पुरणपोळीचं जेवण अंगावर आलं होतं आणि मी जरा आडवी झाले होते, तेवढ्यात माझा नातू ओंकार फोन घेऊन आत आला. फोनवर एक फोटो होता, पोलिसांनी पाठवलेला. निगडीच्या पुलावरून हा मोटारसायकलवर वाकून चाललेला, कोपऱ्यात गाडीचा वेग आकड्यात छापलेला, आणि खाली दंड. सकाळी त्या गाडीला झेंडूचा हार मीच घातला होता. फोटोत तो हारही होता, वाऱ्यानं मागं फेकला जाऊन ओंकारच्या गुडघ्याला चिकटलेला.

"लपून फोटो काढतात, आजी," ओंकार म्हणाला. "ही काय पद्धत झाली?"

"मग काय तुला रस्त्याकडेला उभा करून, पावडर लावून काढायला हवा होता?" मी म्हटलं.

तो हसला. त्याला वाटलं, आजी गंमत करते आहे. मी गंमत करत नव्हते. रस्त्याकडेला उभा करून, पावडर लावून काढलेला असाच एक फोटो मी पाहिलेला आहे, आणि त्या फोटोपायी आमच्या घरावर काय वेळ आली होती तेही पाहिलेलं आहे. दसरा आला की लोकांना आपट्याची पानं आठवतात. मला तो फोटो आठवतो आणि माझं डोकं फिरतं.

दसरा ते भाऊबीज हे दिवस मला आवडत नाहीत, हे मी उघड सांगते. लोक या दिवसांचं फार कौतुक करतात. मला त्यात कौतुकाचं काही दिसत नाही. पाऊस गेलेला असतो आणि थंडी आलेली नसते. पहाटे गोधडी ओढून घ्यावी लागते आणि दहा वाजता अंगाची लाही होते. आमचं माहेर निगडीच्या पुढं, पुण्या-मुंबईच्या जुन्या रस्त्याला लागून. त्या रस्त्याचं डांबर या दिवसांत पुन्हा मऊ पडायचं आणि चपलेला चिकटायचं. पिंपरीकडून वारा आला की औषधाच्या कारखान्याचा कुबट वास यायचा, दुसऱ्या बाजूनं आला की शेतातल्या कापलेल्या बाजरीचा. आणि या सगळ्यावर झेंडू. घरावर झेंडू, यंत्रावर झेंडू, ट्रकच्या नाकावर झेंडू. तिसऱ्या दिवशी तो कुजायला लागायचा, तरी कुणी काढायचं नाही. मला आजही झेंडूच्या वासाबरोबर इंजिनाचं ऑइल आणि साबुदाण्याच्या खळीचा वास येतो. खळीचं कारण पुढं सांगते.

आमची जमीन कंपन्यांसाठी गेली होती. आप्पा, म्हणजे आमचे वडील, एका कंपनीच्या गेटवर वॉचमन होते, ते दम्यानं घरी बसले. मग घर चाललं ते माझ्या थोरल्या भावावर. शिवाजी त्याचं नाव, आम्ही दादा म्हणायचो. दादा चासी चालवायचा. आजच्या पोरांना हे सांगावं लागतं. कारखान्यातून ट्रक निघायचा तो अर्धा निघायचा. पुढं इंजिन, मागं लांबलचक सांगाडा आणि चाकं. केबिन नाही, छप्पर नाही, काच नाही. त्यावर लाकडी खोकं ठोकून ड्रायव्हर बसायचा आणि तो सांगाडा कलकत्त्याला नाहीतर कानपूरला पोचवून रेल्वेनं परत यायचा. ऊन, पाऊस, धूळ, किडे, सगळं थेट तोंडावर. म्हणून चासीवाल्यांच्या डोळ्यांवर गॉगल आणि तोंडाला मफलर. दादा परत यायचा तेव्हा गॉगलच्या जागी दोन पांढरी वर्तुळं आणि बाकी सगळा चेहरा मातीचा असायचा. आई त्याला दारातच थांबवून पाणी द्यायची.

हे काम ठेकेदाराकडं होतं. नोकरी पक्की नव्हती, गाडी मिळेल तसं काम. त्यासाठी एकच गोष्ट लागायची, स्वच्छ लायसन. लायसनवर पोलिसांचा शेरा पडला की ठेकेदार गाडी देत नसे. त्याच्याकडं माणसांची कमी नव्हती. दादाचं लायसन आई देवाच्या फोटोमागं ठेवायची, आणि तो निघाला की स्वतःच्या हातानं त्याच्या खिशात घालायची. आम्ही चौघं त्या लायसनवर जेवत होतो.

आता मला सांगा, खऱ्या वाऱ्यात दिवसच्या दिवस बसणाऱ्या माणसाला खोट्या वाऱ्याची हौस का असावी? मी याचा खूप विचार केला आहे आणि मला उत्तर मिळालेलं नाही. चासीवर त्याचा फोटो कुणी कधी काढला नाही. तोही कुणाला काढ म्हणाला नाही. धुळीनं माखलेला, खोक्यावर बसलेला माणूस कुणाला दाखवायचा, असं त्याला वाटत असावं. त्याला मोटारसायकलवरचा फोटो हवा होता.

रस्त्याला शब्बीरभाईंचं गॅरेज होतं. शब्बीरभाई मूळचे इथलेच, वाडवडिलांचा घोड्यांना नाल मारायचा धंदा, त्यांनी मोटारसायकलींचा सुरू केला. खंडेनवमीला पान्यांची आणि हातोड्यांची पूजा व्हायची, शेजारचे गुरुजी यायचे, शब्बीरभाई स्वतः नारळ फोडायचे आणि सगळ्यांना पेढा. गॅरेजच्या मागं पत्र्याच्या खोल्या होत्या. तिथं बीडची, बार्शीची, साताऱ्याची पोरं राहायची, कारखान्यात शिफ्टला जाणारी. एकाकडंही मोटारसायकल नव्हती. पण दिवाळीला गावी जायचं, तर पिंपरीला राहून काय कमावलं ते दाखवायला नको का? त्याची सोय मधू फोटोवाल्यानं केली होती.

हा मधू मला पहिल्यापासून डोळ्यांसमोर नको असायचा. गोड बोलणं, केसांना तेल, गळ्यात कॅमेरा. त्याचा रस्त्यालाच स्टुडिओ होता, पुढं काचेची शोकेस. दसरा झाला की तो शब्बीरभाईंकडं दुरुस्तीला आलेली एखादी चांगली मोटारसायकल मागून घ्यायचा, रस्त्याच्या कडेला लिंबाखाली स्टँडवर लावायचा, आणि पोरांना एकेक करून तिच्यावर बसवायचा. वाक, अजून वाक, दात नको दाखवू, पुढं बघ. पाय वर. गॉगल नसला तर त्याच्याकडचा. फोटो निघाला की तो काचेवर, म्हणजे निगेटिव्हवर, पेन्सिल आणि चाकूचं टोक घेऊन बसायचा. स्टँड खरवडून टाकायचा, चाकांच्या तारा पुसट करायचा, मागच्या झाडांवर आडव्या रेघा ओढायचा. फोटो धुऊन आला की बघणाऱ्याला वाटावं, हा पोरगा मुंबईहून एका दमात आला.

आणि मफलर. मफलर उडायला हवा, नाहीतर वेग दिसत नाही, असं मधूचं म्हणणं. म्हणून ज्यानं त्यानं आपला मफलर घरूनच तयार करून आणायचा. साबुदाण्याची घट्ट खळ करायची, मफलर त्यात बुडवायचा, मधे दोन वळणं देऊन एक टोक दोऱ्यानं फांदीला ताणून बांधायचं आणि उन्हात वाळवायचा. दुपारपर्यंत तो पापडासारखा कडक व्हायचा. गळ्यात अडकवला की शेपूट मागं ताठ, जसा काही सोसाट्याचा वारा सुटला आहे. त्या दिवसांत पत्र्याच्या खोल्यांसमोर प्रत्येक दोरीवर असे वाकडेतिकडे मफलर वाळत असायचे. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. पण फोटो हातात आला की जो तो दुसऱ्याला विचारायचा, "काय राव, किती स्पीडला होतास?" आणि तोही आकडा सांगायचा.

दादाचा मफलर मी खळवला. "जरा घट्ट कर," तो म्हणाला. "मधू म्हनला, ढिला दिसला तर सायकलवरचा वाटंल."

"कशाला पायजे तुला ह्यो खेळ?" मी विचारलं.

तो लाजला. मारुंजीचं एक स्थळ त्याच्यासाठी बघणं चाललं होतं. मुलीचा भाऊ कामाला इकडंच यायचा. त्याच्या नजरेला फोटो पडावा, एवढीच दादाची इच्छा. पडलाही. मधूनं दादाचा फोटो मोठा करून शोकेसच्या मधोमध लावला, कारण दादा दिसायला खरोखर देखणा होता. मुलीचा भाऊ काचेसमोर उभा राहून बघून गेला आणि दुसऱ्या दिवशी निरोप आला, दिवाळीनंतर बोलायला येतो म्हणून. आई खूश झाली. मीही झाले, खोटं कशाला सांगू.

दसरा होऊन आठवडा झाला नसेल, मुंबईकडून पुण्याला चाललेल्या कुणा मोठ्या माणसाच्या मोटारीला दोन मोटारसायकलवाल्यांनी गाडी आडवी घातली आणि पळाले. मोठा माणूस पुण्यात जाऊन कडाडला. वरून फौजदाराला दम बसला. फौजदाराला आता कुणीतरी पकडून दाखवणं भाग होतं. तो जीपमधून चालला असताना त्याची नजर मधूच्या शोकेसकडं गेली. काचेत उडत्या मफलरचा माणूस, चेहरा स्वच्छ, गाडीचा नंबर स्वच्छ. त्याला काय, आयता मिळाला. जीप थांबवून त्यानं फोटो काढून घेतला आणि शब्बीरभाईंना, मधूला आणि दादाला दुसऱ्या दिवशी चौकीवर यायला सांगितलं. येताना लायसन घेऊन ये, असं दादाला मुद्दाम बजावलं.

त्या संध्याकाळी गॅरेजसमोर सगळी पोरं जमली. फोटोवरून दंड होतो का, याचाच खल. मी चहा घेऊन गेले होते, मुद्दाम तिथंच रेंगाळले. बार्शीचा एकजण म्हणाला, होणारच, नंबर दिसतोय. दुसरा म्हणाला, नंबर दिसला म्हणून काय झालं, वेळ कुठं दिसते, दिवस कुठं दिसतो? शब्बीरभाई पान्यानं हातातला नट फिरवत होते. ते म्हणाले, "अरे भाऊ, फोटोत गाडी उभीच असते. पळती काढा, न्हाईतर उभी काढा, कागदावर सगळ्या उभ्याच. स्पीड कसा दिसंल?"

"मफलर दिसतोय की, भाई," कुणीतरी म्हणालं.

इतकी पोरं बसली होती आणि प्रत्येकाच्या पेटीत तसला एक फोटो होता. गाडी स्टँडवर होती, एवढं एक वाक्य कुणीही म्हणू शकला असता. कुणाच्या तोंडून ते निघालं नाही. मी एकेकाच्या तोंडाकडं बघत होते आणि मला एकेकाच्या मुस्काटात द्यावीशी वाटत होती.

घरी येऊन मी दादाला म्हटलं, "उद्या खरं सांग. गाडी उभी हुती म्हनावं."

"बघू," तो म्हणाला.

"बघू काय? लायसन गेलं तर खानार काय?"

"एका शेऱ्यानं लायसन जात न्हाई."

"ठेकेदार गाडी दील का?"

तो भिंतीकडं तोंड करून झोपला. आप्पांचा खोकला तेवढा ऐकू येत राहिला. दादा काय करणार ते मला तेव्हाच कळलं.

दुसऱ्या दिवशी दादा आणि शब्बीरभाई चौकीवर गेले आणि अर्ध्या तासानं मी निघाले. आई दारात आडवी आली. पोरीच्या जातीनं चौकीची पायरी चढायची म्हणजे काय, लोक काय म्हणतील, सगळं म्हणून झालं. मी खुंटीवरचा मफलर काढला. तो अजून तसाच कडक होता, दादानं फोटोनंतर धुतला नव्हता. वर्तमानपत्रात धरून, मोडणार नाही अशा बेतानं, मी तो रस्त्यानं घेऊन गेले. ऊन मरणाचं होतं.

चौकीच्या व्हरांड्यात सगळी पोरं उभी होती, शिफ्ट बुडवून आलेली. त्यात मारुंजीचा तो मुलीचा भाऊही होता. त्याला बघितलं आणि मला दादाचं सगळं गप्प राहणं कळलं. आत टेबलावर फोटो, टेबलामागं फौजदार, समोर शब्बीरभाई, दादा आणि मधू. लायसन टेबलावरच पडलं होतं. मी दाराशी थांबले.

"किती स्पीड होता?" फौजदारानं दादाला विचारलं.

"आसंल साठ-सत्तर," दादा म्हणाला. जरा मोठ्यानं म्हणाला, बाहेर ऐकू जाईल असं. माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना. स्टँडवरच्या गाडीवरून हा माणूस साठ-सत्तरनं चालला होता, आणि त्यापायी आईच्या देवामागचं लायसन सोडायला तयार झाला होता.

शब्बीरभाई म्हणाले, "साहेब, ती गाडी माझ्याकडं रिपेरला हुती. फोटोत स्पीड दिसत न्हाई."

"मफलर दिसतो," फौजदार म्हणाला. "वाऱ्याशिवाय मफलर उडतो का? मला शिकवू नका." मग तो मधूकडं वळला. "तू काढलास ना फोटो? गाडी जोरात होती का?"

सगळा रस्ता मधूच्या एका शब्दावर येऊन थांबला होता. त्यानं केसांवरून हात फिरवला आणि म्हणाला, "साहेब, आम्ही कलाकार माणसं. मी आपला बटण दाबतो. गाडी जोरात की हळू, ते मला काय समजणार?"

हे वाक्य मी विसरलेले नाही. माणूस मारामारी करतो, चोरी करतो, त्याचं मला एक वेळ समजतं. पण दिवाळीच्या ऑर्डरी बुडू नयेत म्हणून समोरच्या माणसाची भाकरी जाऊ द्यायची आणि वर स्वतःला कलाकार म्हणवून घ्यायचं, याला काय म्हणावं? मधूला मी आजही माफ केलेलं नाही आणि करण्याचा विचारही नाही.

मी आत गेले. फौजदारानं विचारलं, ही कोण? "बहीन," शब्बीरभाई म्हणाले. दादानं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या हातातल्या वर्तमानपत्राकडं, आणि त्याचा चेहरा उतरला.

"जा घरी," तो म्हणाला.

मी वर्तमानपत्र उघडलं आणि मफलर टेबलावर उभा केला. तो उभा राहिला. दोन वळणं, वर उचललेलं शेपूट, फोटोत होता अगदी तसा. त्या खोलीत वाऱ्याचं नाव नव्हतं, पंखासुद्धा बंद होता. वर्तमानपत्रावर खळीचा पांढरा चुरा पडला होता.

"साबुदान्याची खळ हाय, साहेब," मी म्हटलं. "मीच घातली. गाडी स्टँडवर हुती. हा जागचा हलला बी न्हाई."

फौजदारानं मफलरला बोटानं टिचकी मारली. टक्क आवाज आला. मग त्यानं फोटो उचलला, खिडकीशी नेला, डोळ्यांजवळ धरला. बराच वेळ बघत राहिला. मधूनं स्टँड खरवडला होता, पण जमिनीवरची स्टँडची सावली त्याच्या लक्षात आली नव्हती. ती फोटोत आरामात पडली होती. फौजदार आधी खांदे हलवून हसला, मग तोंड उघडून. त्याच्या पोटावरचा पट्टा हसण्यानं वरखाली व्हायला लागला. हवालदार हसले. शेवटी व्हरांड्यातली पोरंही हसली, आणि सगळ्यांत आधी ती हसली ज्यांचे मफलर त्याच दोऱ्यांवर वाळले होते.

"साठ-सत्तर," फौजदार डोळे पुसत म्हणाला. "घे रे तुझं लायसन. दिवसभर बस स्टँडवर, कुणी पकडणार नाही."

लायसन कोरं परत आलं. दादानं ते खिशात घातलं आणि माझ्या अंगावरून, मला धक्का लागणार नाही असा, निघून गेला. व्हरांड्यातून कुणीतरी ओरडलं, "काय शिवाभाऊ, किती स्पीडला निघालास?" त्या दिवसापासून चासीवाल्यांत त्याचं नाव पडलं, स्टँडवाला. कानपूरच्या रस्त्यावरच्या ढाब्यांपर्यंत ते नाव गेलं.

मारुंजीहून पुन्हा कुणी आलं नाही. पत्र्याच्या खोल्यांतली पोरं मला बघितलं की थुंकायची. त्या वर्षी त्यांनी फोटो गावी नेले नाहीत, कारण चौकीतली गोष्ट त्यांच्याआधी गावोगाव पोचली असणार अशी त्यांना भीती होती. मी एकट्या दादाचं बिंग फोडायला गेले होते, ते साऱ्या रस्त्याचं फुटलं. मला त्याचं काडीचं वाईट वाटलं नाही. खोटं त्यांनी एकत्र बसून रचलं होतं आणि ते निस्तरायला मला एकटीला जावं लागलं होतं. उलट मलाच शिव्या. मधूची शोकेस तेवढी दिवाळीभर रिकामी राहिली, याचा मला आनंद झाला.

दादा माझ्याशी बोलला नाही. एका घरात राहून, एका ताटलीतल्या चटणीला हात घालून बोलला नाही. भाऊबीजेला त्याची सुट्टी होती. त्यानं ठेकेदाराकडून मागून गाडी घेतली आणि सकाळीच कलकत्त्याकडं निघून गेला. मी ताट तयार ठेवलं होतं. आई म्हणाली, भाऊ जवळ नसला की चंद्राला ओवाळतात, तू चंद्राला ओवाळ.

"चंद्र काय चासी चालवतो?" मी म्हटलं आणि निरांजन विझवलं. आप्पा बाजेवरून म्हणाले, "पोरीनं घर वाचवलं, आन् घरात बोलायला कुनी न्हाई तिच्यासंगं." मला त्या दिवशी पहिल्यांदा रडू आलं, पण ते रागाचं होतं.

पुढं सगळं रीतीनं झालं. दादाचं लग्न मोशीच्या मुलीशी झालं, वहिनी लाखात एक मिळाली. मी पुनावळ्याला दिली गेले. माझ्या लग्नात फोटोला मधूला सांगायचं घरच्यांनी ठरवलं, तेव्हाच मी म्हटलं, तो मांडवात आला तर मी पाटावर बसणार नाही. दुसरा फोटोवाला आसपास नव्हता. माझ्या लग्नाचा एकही फोटो नाही. सुना विचारतात तेव्हा मी सांगते, मीच नको म्हटलं. दादा नंतरच्या भाऊबीजांना येऊ लागला, पाटावर बसू लागला, ओवाळणी घालू लागला. चासी चालवली, मग कंपनीची बस चालवली, पोरं शिकवली, घर बांधलं, सगळं त्याच कोऱ्या लायसनवर. चौकीचा विषय मात्र आमच्यात निघाला नाही. मी काढला असता तर त्यानं चप्पल घातली असती.

या वर्षीही भाऊबीजेला तो आला. आता काठी आहे, गुडघे गेले आहेत. आमच्या इमारतीखाली गाड्या इतक्या लागलेल्या की त्याला चालायला जागा नव्हती, म्हणून चिडूनच वर आला. मी पाट मांडला, ताट घेतलं. ओंकारनं तेवढ्यात मामाआजोबांना कौतुकानं फोन दाखवला. या पोरांना लाज म्हणून नाही. दंड झाला त्याचं दुःख नव्हतं, फोटो छान आला याचा आनंद होता. त्यानं तो मित्रांना पाठवलाही होता.

दादानं फोन लांब धरून बघितला. हार बघितला, गाडी बघितली. मग कोपऱ्यावर बोट ठेवून विचारलं, "ह्यो आकडा कसला?"

"स्पीड," ओंकार म्हणाला. "कॅमेराच मोजतो. आपोआप छापून येतो."

"म्हंजी उभी गाडी आसली तर?"

"तर शून्य येणार."

दादा फोनकडं बघत राहिला. माझ्या हातातल्या ताटात निरांजन जळत होतं. इतक्या वर्षांत तो विषय पहिल्यांदा आमच्या मधे येऊन बसला होता, आणि आणला होता तो त्यानंच. तो काय म्हणेल याची मी वाट बघितली. मला वाटलं, म्हणेल, तेव्हा हे यंत्र असतं तर तुला चौकीवर यावं लागलं नसतं. एवढं म्हणाला असता तरी मला पुरलं असतं.

"बरं झालं," दादा म्हणाला, "आमच्या वक्ताला ह्यो आकडा न्हवता."

अजूनही. काठी टेकत चालणारा हा माणूस, अजूनही साठ-सत्तरनंच चालला होता.

"दादा," मी म्हटलं, "त्या शून्यावर तुझा संसार झाला."

त्यानं टोपी सारखी केली आणि ओवाळून घ्यायला मान पुढं केली. मी त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, जरा जोरातच.